वृद्धाश्रम पाहायला जाताना रात्रीची वही मागा

प्रति,
मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विषय : वृद्धाश्रमांचा दर्जा आणि तेथील सुरक्षितता कशी तपासावी

आपल्या वृत्तपत्राच्या शहर पुरवणीत वृद्धाश्रमांच्या जाहिराती आता जवळजवळ रोज दिसतात. ‘घरच्यासारखे वातावरण, सात्त्विक आहार, चोवीस तास नर्सिंग’ ही तीन आश्वासने त्यांत हमखास असतात. पहिली दोन कितपत खरी आहेत हे तासाभरात कळते. तिसरे कळण्यासाठी काय पाहावे आणि काय विचारावे, हे सांगण्यासाठी आणि ते पाहण्याची जबाबदारी खरे तर कोणाची आहे याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. ‘ताई, तुम्ही नर्स होतात, जरा आमच्याबरोबर बघायला चला’ असे म्हणून शेजारपाजारचे आणि नात्यातले लोक मला नेतात, त्यामुळे गेल्या सहा वर्षांत पुणे आणि सातारा जिल्ह्यांत वीस-बावीस ठिकाणे तरी माझ्या पाहण्यात आली. त्यांतल्या पहिल्याच ठिकाणी मी स्वतः फसले, हे आधी सांगून टाकते.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी इंग्लंडमध्ये, मी स्वतः सत्तरीला टेकलेली आणि घर दुसऱ्या मजल्यावर, तेही लिफ्ट नसलेल्या इमारतीत, अशी परिस्थिती होती. आश्रमाखेरीज मार्ग नव्हता. आम्ही सकाळी अकरा वाजता आश्रम पाहायला गेलो. तुळशीवृंदावन, दारात रांगोळी, फळ्यावर खडूने लिहिलेला आठवड्याचा आहार, सभागृहात टाळ घेऊन बसलेल्या चार आज्या. इतकी वर्षे वॉर्डात काढूनही मी त्या दिवशी पलंगावरच्या चादरी पाहिल्या, चादरीखालची माणसे पाहिली नाहीत. तीन महिन्यांनी थंडीच्या दिवसांत भेटायला गेले असता त्यांचे मोजे काढले, तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग होता, म्हणजेच शय्याव्रण, एकाच जागी दाब पडत राहिल्याने होणारी जखम. असा डाग पडण्याआधी तिथली कातडी लाल होते, बोटाने दाबली तरी ती लाली जात नाही, आणि रोज अंग पुसणाऱ्याच्या नजरेला ती पडायलाच हवी. मी व्यवस्थापकांना विचारले. त्यांनी तत्परतेने कूस बदलल्याचा तक्ता पुढे केला. दर दोन तासांच्या रकान्यात सही होती, एकही रकाना रिकामा नव्हता. त्या वेळी घड्याळात साडेअकरा वाजले होते, आणि तक्त्यात त्याच दिवशीच्या दुपारी दोनच्या आणि चारच्या रकान्यांतही सह्या झालेल्या होत्या.

तेव्हापासून मी कोठेही गेले की बाग, देवघर, भोजनगृह हे सगळे पाहून घेते, पण आधी रात्रीच्या नोंदींची वही मागते. खरी वही ओळखणे अवघड नाही. तिच्यात दोन-तीन वेगवेगळी हस्ताक्षरे असतात, कोठे निळी शाई तर कोठे काळी, मध्येच खाडाखोड, एखाद्या पानावर चहाचा नाही तर तेलाचा डाग. आणि वेळा 2, 4, 6 अशा ठोक नसून 2.10, 4.25 अशा असतात, कारण माणसे घड्याळाच्या ठोक्याला कूस बदलत नाहीत. पुढे जाऊबाईंना जेथे हलवले ती जागा दिसायला मुळीच आकर्षक नव्हती. एका जुन्या बंगल्यात चौदा माणसे, भिंतीचा रंग उडालेला, बागेच्या नावाने एक पेरूचे झाड. पण तेथल्या वहीत मला हे वाचायला मिळाले : ‘रात्री 2.40. आजी संडासला जायला एकट्या उठल्या, पलंगाशेजारी खाली बसल्या. डोक्याला मार नाही. उजवा गुडघा खरचटला. बीपी 150/90. मुलाला सकाळी 7 ला फोन केला.’ मी तेथेच जागा निश्चित केली.

हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल, कारण पडल्याची नोंद हा आश्रमाचा दोष समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ‘आमच्याकडे आजवर कोणी पडलेले नाही’ असे छातीठोकपणे सांगणारे व्यवस्थापक मला निदान चार ठिकाणी भेटले. ऐंशीच्या घरातली वीस माणसे एका छताखाली राहत असतील, त्यांतल्या निम्म्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर वर्षभरात कोणी ना कोणी पडणारच. तसे होत नसेल तर तेथे एक तर लिहीत नाहीत, किंवा माणसांना उठूच देत नाहीत. न उठू देण्याचे मार्गही मी पाहिले आहेत. खुर्चीला पाठीमागून ओढणीची गाठ मारलेली असते, पलंगाचा एक कठडा भिंतीला लावून दुसरा कायम वर चढवलेला असतो, आणि तिसरा मार्ग डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे झोपेची गोळी. दुपारी चारच्या सुमारास दिवाणखान्यात गेल्यावर टीव्ही मोठ्याने चालू आहे आणि समोरची दहा डोकी छातीवर कलंडलेली आहेत, असे दृश्य दिसले तर ती गोळी कोणत्या डॉक्टरने, केव्हा आणि कशासाठी लिहून दिली, एवढे विचारण्याचा अधिकार नातेवाइकांना आहे आणि त्यांनी तो संकोच न करता वापरावा.

वहीबरोबरच माझा दुसरा प्रश्न असतो तो रात्री जागे कोण असते हा. ‘चोवीस तास नर्सिंग’ याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी एवढाच असतो की दिवसा एक प्रशिक्षित सिस्टर सहा-आठ तास येते आणि रात्री एक मावशी दोन पलंगांच्या मधे सतरंजी टाकून झोपते. यातले गणित साधे आहे. समजा आश्रमात बावीस जण आहेत आणि त्यांतले आठ जण अंथरुणाला खिळलेले आहेत. एकाची कूस बदलणे, ओला डायपर काढणे, अंग कोरडे करणे, टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवणे याला घाईघाईत केले तरी दहा मिनिटे लागतात. म्हणजे दर दोन तासांतली 80 मिनिटे त्या आठ जणांतच गेली, आणि हे काम धड व्हायचे तर दोन माणसे लागतात, कारण साठ-पासष्ट किलोच्या निर्जीव झालेल्या शरीराला एकट्या बाईने वळवायचे म्हणजे ते ओढत वळवणे, आणि ओढण्याने कातडी सोलते. उरलेल्या चौदा जणांत कोणाला लघवीला जायचे असते, कोणाला पाणी हवे असते, कोणाला रात्री दोन वाजता आपले गाव आठवते आणि ते दार उघडायला निघतात. एकटी मावशी हे सारे करते असे जो सांगतो, त्याने ते एक रात्र स्वतः करून दाखवावे.

या मावश्यांवर राग काढण्यात अर्थ नाही, हेही लिहिलेच पाहिजे. बहुतेक जणी मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या, ब्युरोमार्फत आलेल्या, बारा-बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या असतात. काहींना आठवड्याची सुट्टीदेखील नसते. मी प्रत्येक ठिकाणी त्यांच्यापैकी एकीशी बाजूला जाऊन बोलते. ‘इथे किती दिवस झाले?’ हा पहिला प्रश्न, कारण दर दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील तर म्हाताऱ्या माणसाला रोज परक्याच्या हाताने आंघोळ करावी लागते. दुसरा प्रश्न एखाद्या आजोबांकडे बोट दाखवून विचारते : ‘यांना चहा कसा लागतो?’ जुन्या बंगल्यातली मुलगी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, ‘बिनसाखरेचा, आणि बशीत ओतून द्यावा लागतो, कप हातात थरथरतो.’ ही माहिती कोणत्याही तक्त्यात नव्हती.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. बेल असेल तर ती स्वतः दाबावी आणि कोणी येईपर्यंत मनात आकडे मोजावेत. एका ठिकाणी बेलची दोरी माणसाच्या हाताला लागू नये म्हणून खिळ्याला वर गुंडाळून ठेवली होती. संडासाची कडी बाहेरून उघडता येते का, बसण्याच्या जागेशेजारी धरायला दांडी आहे का आणि ती ओढली तर हलते का, हे हाताने तपासावे. लघवीचा वास येणे वाईटच, पण फिनेलचा डोळे चुरचुरणारा वास आला तरी मी तितकीच सावध होते. वजनकाटा कोठे आहे ते विचारावे. दर महिन्याला वजन घेतात का, आणि जे काट्यावर उभे राहू शकत नाहीत त्यांच्या दंडाचा घेर टेपने मोजतात का, या दोन प्रश्नांनी आहाराविषयी फळ्यावरच्या यादीपेक्षा जास्त कळते. 48 किलोच्या बाई सहा महिन्यांत 43 वर आल्या असतील तर फळ्यावर शिरा लिहिलेला असो की श्रीखंड, तो त्यांच्या पोटात जात नाही. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, म्हणून पाण्याचा तांब्या पलंगाच्या हाताशी आहे की कपाटावर, हेही पाहावे. इन्सुलिन घेणाऱ्यांना सुई किती वाजता आणि नाश्ता किती वाजता मिळतो ते विचारावे, त्यांत तासाभराचे अंतर पडत असेल तर साखर उतरून माणूस बेशुद्ध होऊ शकतो. नाकातल्या नळीतून अन्न देताना रुग्णाचे डोके उंच केलेले असते का? प्राणवायूचे नळकांडे पुष्कळ ठिकाणी दिमाखात उभे असते, पण ते उघडायची चावी मागितली की शोधाशोध सुरू होते. करारपत्रात अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी आणि डायपर, हातमोजे, वेगळा मदतनीस यांचा खर्च कोणाकडे, हे सही करण्यापूर्वी वाचावे. त्याबद्दल वकील मंडळी माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

पाहायला जाण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी अकरा ही आश्रमाची पाहुण्यांसाठी ठेवलेली वेळ असते. संध्याकाळी साडेसातला, जेवणाच्या वेळी, शक्यतो रविवारी जावे. भरवणाऱ्या व्यक्तीच्या हातात एकाच वेळी किती ताटे आहेत आणि ती बसून भरवते की उभ्याने, एवढे पाहिले तरी पुरे.

आगीबद्दल मात्र थांबून लिहायला हवे. 1 जानेवारी 2023 रोजी पहाटे दिल्लीच्या ग्रेटर कैलाश भागातील एका वृद्ध निगा केंद्राला आग लागून दोन वृद्ध महिलांचा मृत्यू झाला. आपल्याकडचे कितीतरी आश्रम राहत्या बंगल्यांत चालतात, आणि स्मृतिभ्रंश झालेली माणसे बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून व्हरांड्याच्या जाळीला रात्री कुलूप असते. कुलूप लावण्याचे कारण मला पटते. पण त्याची किल्ली रात्री कोणाच्या कमरेला असते, दुसरी किल्ली कोठे आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण आणि कशावरून खाली आणणार, याचे उत्तर मला आजवर फक्त दोन ठिकाणी न अडखळता मिळाले. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे (एजन्सीचे) प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. ते प्रमाणपत्र दाखवा, असे म्हणायला कोणत्याही वैद्यकीय ज्ञानाची गरज नाही.

येथपर्यंत मी जे लिहिले ते सारे नातेवाइकांनी करायचे आहे, आणि माझी खरी तक्रार तेथेच आहे. ज्याला नातेवाईकच नाहीत, किंवा ज्याची मुले दहा हजार किलोमीटरवर आहेत, त्याच्या वतीने वही कोणी मागायची? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम 2007 साली झाला. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम राज्य शासन स्थापन करू शकेल असे म्हटले आहे आणि त्या आश्रमांसाठी सेवेची मानके ठरवण्याचीही तरतूद आहे. पण महिना पंचवीस-तीस हजार रुपये घेऊन चालणारे खासगी आश्रम त्या मानकांच्या कक्षेत येत नाहीत. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठांच्या निगा केंद्रांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान मानके यांचा समावेश होता. ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, आणि सतरावी लोकसभा विसर्जित होताना विधेयक व्यपगत झाले, म्हणजे मंजूर न होताच संपले. परिणामी आज आश्रम विश्वस्त संस्थेचा असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे त्याचे हिशेब जातात, अग्निशमन दल यंत्रणा पाहते, महापालिका बांधकाम पाहते. टाच पाहणारे कार्यालय मला अजून सापडलेले नाही.

वास्तविक यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज आहे का, याचाही शासनाने विचार करावा. आपल्या राज्यातील 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाच्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर दुर्बल व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा पुरवणाऱ्या जागांचा उल्लेख आहे. ज्या आश्रमात लघवीच्या नळ्या बदलल्या जातात, जखमांचे ड्रेसिंग होते आणि नाकातून अन्न दिले जाते, तो या व्याख्येत का बसू नये, हे माझ्यासारख्या वॉर्डात आयुष्य घालवलेल्या बाईला कळत नाही. कायदेतज्ज्ञांनी यावर लिहावे. ज्या पुण्यात 1863 साली अनाथ-अपंगांसाठी काढलेला आश्रम ‘निवारा’ या नावाने आजही उभा आहे, त्या शहरात या प्रश्नावर बोलायला माणसे मिळू नयेत असे नाही.

पहिल्या आश्रमाचे नाव मी कळवल्याबरोबर जाऊबाईंच्या मुलीने मला फोनवर विचारले होते, ‘काकू, त्यांचा तपासणी अहवाल कुठे वाचायला मिळेल?’ मला हसू आले होते. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची यंत्रणा प्रत्येक निगा केंद्राची नोंदणी आणि तपासणी करते. उत्कृष्ट, चांगले, सुधारणा आवश्यक आणि अपुरे अशा चार श्रेणी देते. अहवाल कोणालाही वाचता येतो, आणि मिळालेली श्रेणी केंद्राला स्वतःच्या दारात लावावी लागते. तेथेही तपासणीला उशीर होतो, तेथेही माणसांची हेळसांड झाल्याच्या बातम्या येतात, हे तिनेच मला सांगितले. तरी दारात लावलेला कागद आणि दारात काढलेली रांगोळी यांतला फरक मला टाचेवरचा डाग पाहिल्यावर कळला.

म्हणून जिल्हा समाजकल्याण कार्यालयांकडे माझे मागणे मर्यादित आहे. जिल्ह्यात चालणाऱ्या सर्व आश्रमांची, मग ते अनुदानित असोत वा खासगी, एक यादी प्रसिद्ध करावी. प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात : राहणाऱ्यांची संख्या आणि त्यांतले अंथरुणाला खिळलेले किती, रात्री जागे असणारे कर्मचारी किती आणि त्यांत प्रशिक्षित परिचारिका आहे का, अग्निसुरक्षेच्या शेवटच्या प्रमाणपत्राची तारीख, आणि मागच्या वर्षात पडल्याच्या व शय्याव्रणाच्या किती नोंदी झाल्या. चौथ्या रकान्यात शून्य लिहिणाऱ्या आश्रमांकडे अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी जावे, आणि जाताना बरोबर एखादी निवृत्त परिचारिका न्यावी. शहरोशहरी आमच्यासारख्या पुष्कळ जणी घरी बसून आहेत. प्रवासखर्च दिला तरी येतील, नाही दिला तरी बहुतेक जणी येतील. ज्यांना तातडीने तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी ज्येष्ठांची 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक प्रत्येक आश्रमाच्या दर्शनी भागात मोठ्या अक्षरांत, चष्म्याशिवाय वाचता येईल असा लावणे बंधनकारक करायला तर कोणत्याही विधेयकाची आवश्यकता नाही.

जाऊबाईंची टाच भरून यायला साडेसात महिने लागले. त्या काळातली ड्रेसिंगची वही मी जपून ठेवली आहे. समाजकल्याण कार्यालयाला नमुना म्हणून हवी असल्यास नावे झाकून तिच्या प्रती द्यायला मी तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, पुणे